दारवाक्याचं निर्मूलन

मनुष्य आणि इतर प्राणी यांच्यातला मूलभूत फरक असा, की मनुष्याला आपलं दुखणं शब्दांत सांगता येतं. या एका देणगीच्या बळावर वैद्यकशास्त्र उभं राहिलं, रुग्णालयं उभी राहिली आणि रुग्णालयांपुढे रांगा उभ्या राहिल्या. आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याला मात्र ही देणगी नाही. मध्यंतरी त्याचा पाय दुखावला, तेव्हा तो प्राण्यांच्या डॉक्टरपुढे बसला, पंजा पुढे केला आणि काटा काढून घेऊन शेपूट हलवत घरी आला. त्याच आठवड्यात मीही डॉक्टरांकडे गेलो होतो. मला भाषा येते. मी अजून जातोच आहे.

भाषा येते, हे मी विनयाने म्हणतोय. माझं उभं आयुष्य वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिण्यात गेलं. शहरातल्या प्रत्येक संस्थेची टिंगल करून झाल्यावर, आता टिंगल करण्याजोगं काही उरलं नाही असं संपादकांचं मत पडलं आणि मी निवृत्त झालो. (संस्था सगळ्या आहेत. सदर बंद आहे.) तेव्हा आजचा विषय रुग्णालयाचा असला तरी मी टिंगल करणार नाही. मला त्या रुग्णालयाने सन्मानित केलेलं आहे. सन्मानित माणसाला काही पथ्यं असतात.

आधी पार्श्वभूमी. आमच्या घरी कप फुटू लागले. कप फुटतातच, त्यात नवल नाही. पण ते सगळे माझ्याच उजव्या हातातून पडून फुटत होते, आणि फुटण्यापूर्वी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ही जोडी मला न कळवता रजेवर जात होती. माझ्या थोरल्या भावाचंही कपापासूनच सुरू झालं होतं. दादाचं पुढे काय झालं, हा या लेखाचा विषय नाही.

"अहो, डॉक्टरांना बोटांचं सांगा हं," सौ. म्हणाली. "नाहीतर टाचेचं सांगून याल."

"टाचही दुखतेच की."

"टाच तीस वर्षं दुखतेय. तिला कसली घाई आहे?"

बोटांचंच सांगेन, असं मी कबूल केलं आणि निघालो.

आता रुग्णालयाविषयी. आमचं रुग्णालय प्रगत आहे. पूर्वी तिथून बाहेर पडताना रुग्णाला विचारत, "डॉक्टरांनी तुमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं का?" आणि फलकावरच्या पाच चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवायला सांगत. पहिला चेहरा हसरा, पाचवा रडवा. बहुतेकांनी रडव्यावर बोट ठेवलं. (थोड्या लोकांनी हसऱ्यावर ठेवलं. चौकशीअंती ते औषधांची खोकी पोहोचवायला आलेले निघाले.) व्यवस्थापनाने समिती नेमली. समितीने सर्व बाजूंनी विचार केला, तेव्हा तिच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. डॉक्टर पाच आहेत आणि रुग्ण हजारो. दोष पाच जणांत असण्यापेक्षा हजारो जणांत असण्याची शक्यता केव्हाही जास्त. हे गणित आहे. गणितात मन दुखावून घ्यायचं नसतं.

त्या दिवसापासून डॉक्टर रुग्णांशी कसे बोलतात हे मोजणं बंद झालं आणि रुग्ण डॉक्टरांशी कसे बोलतात हे मोजणं सुरू झालं. याला 'रुग्ण संवादक्षमता मापन' म्हणतात. प्रत्येक तपासणीच्या खोलीत कोपऱ्यात एक खुर्ची आली आणि खुर्चीवर एक मापनबाई आल्या. आमच्या डॉक्टरांच्या खोलीतल्या मापनबाई पूर्वी वक्तृत्व स्पर्धांच्या परीक्षक होत्या. तिथली घंटा त्यांनी येताना बरोबर आणली होती. पहिली घंटा सूचनेची, दुसरी समारोपाची. दुसरीनंतर जे सांगाल ते आजार म्हणून धरलं जात नाही.

गुण शंभर. त्यांची विभागणी भिंतीवर लावलेली आहे आणि ती मला पाठ आहे:

मुद्देसूदपणा, पंचवीस गुण. एका खेपेला एकच दुखणं आणावं. (दुसरं असल्यास ते घेऊन दुसऱ्या दिवशी यावं. तिसरं असल्यास आधी ते खरंच आपलंच आहे का, याची घरी खात्री करावी.)

कालक्रम, पंचवीस गुण. दुखणं सुरू झालं तिथून सुरुवात करावी. (एका बाईंनी गुडघ्याची हकीकत नणंदेच्या लग्नापासून सुरू केली. वरात निघाली तोवर दुसरी घंटा झाली. गुडघा तसाच घरी गेला.)

वेदनेचं प्रमाणित वर्णन, तीस गुण. आपल्या भाषेत दुखण्याला शब्द फार झालेत, असं समितीचं निरीक्षण आहे. कळ, ठणका, चमक, सणक, तिडीक, रग, ठसठस, चुरचुर, हुळहुळ. एवढे रकाने संगणकात नाहीत. म्हणून सगळ्यांचे मिळून तीन शब्द केले: दुखतं, थोडं दुखतं, दुखत नाही. उपमांना बंदी आहे. 'मुंग्या आल्यासारखं वाटतं' म्हटल्यास तीन गुण वजा. मुंग्या खरोखरच असल्यास स्वच्छता विभागाला कळवावं. 'कसंतरी होतं' हा शब्दप्रयोग तर पूर्णपणे वर्ज्य. पूर्वी शंभरातले ब्याऐंशी रुग्ण तोच वापरत. आता एकही वापरत नाही. म्हणजे एवढ्या सगळ्यांना कसंतरी व्हायचं एका परिपत्रकाने थांबलं. औषधाला हे कधी जमलं नव्हतं.

सोबतच्या नातेवाइकावर नियंत्रण, दहा गुण. (आमच्या ओळखीचे एक गृहस्थ या दहा गुणांसाठी बायकोला फाटकाबाहेर उभं करून आत गेले. त्यांना काय होतंय ते फक्त बायकोला माहीत होतं. गुण मात्र मिळाले.)

आणि शेवटचे दहा गुण दारवाक्याच्या अभावासाठी.

दारवाक्य ही संज्ञा समितीची, पण ती गोष्ट फार जुनी आहे. रुग्ण डॉक्टरांना टाचेचं सांगतो, झोपेचं सांगतो, पोटाचं सांगतो, जावयाचं सांगतो. चिठ्ठी घेतो, उठतो, दाराच्या मुठीवर हात ठेवतो, आणि मग मान वळवून म्हणतो, "जाता जाता एक विचारायचं होतं, डॉक्टर. तसं काही विशेष नाही, पण..." या 'पण'च्या पुढे जे येतं, ते दारवाक्य. आजार 'पण'च्या अलीकडे सहसा सापडत नाही. आमचे डॉक्टर तर रुग्ण दारापर्यंत पोहोचेतो पेनाचं टोपणसुद्धा काढत नसत. टाच, झोप, पोट, जावई हे सगळं ते हात बांधून ऐकायचे. मुठीवर हात पडला की टोपण निघायचं आणि ते म्हणायचे, "हं, आता बसा."

समितीला हे अशास्त्रीय वाटलं. महत्त्वाची गोष्ट आधी सांगावी, हे शाळेत शिकवलेलं असतं. परिपत्रकं काढली, फलक लावले, गुण कापले, तरी रुग्ण दाराशी जाऊन वळतच राहिले. अखेर समितीने मुळावर घाव घातला. मूठ काढून टाकली. आता तिथे काचेचं सरकतं दार आहे. रुग्ण खुर्चीतून उठला की ते उघडतं, बाहेर पडला की मिटतं आणि मध्येच घुटमळला तर किंचाळतं. महिन्याभरात दारवाक्यांचं प्रमाण एकोणसत्तर टक्क्यांवरून शून्यावर आलं. डॉक्टरांच्या पेनाचं टोपण काही दिवस निघालंच नाही. मग त्यांना छापील चिठ्ठ्या देणारं यंत्र मिळालं.

आणखी एक नियम सांगायचा राहिला. (कालक्रमाचे माझे दोन गुण गेले.) रुग्णाचं बोलणं अपुरं पडून डॉक्टरांना प्रश्न विचारावा लागला, तर दर प्रश्नाला रुग्णाचे तीन गुण वजा होतात. आमचे डॉक्टर स्वभावाने दयाळू. आपल्यामुळे गोरगरिबांचे गुण जाऊ नयेत म्हणून त्यांनी प्रश्न विचारणंच सोडून दिलं.

तर अशा या व्यवस्थेत मी माझी दोन बोटं घेऊन शिरलो.

"बोला काका," डॉक्टर म्हणाले.

आता, नव्या श्रोत्यापुढे थेट विषयाला हात घालणं माझ्या धंद्यात बसत नाही. मी म्हणालो, "डॉक्टर, माझ्या तब्येतीची आनंदाची बातमी अशी, की ती अजून आहे." डॉक्टर हसले. मापनबाईंनी 'विषयांतर' अशी नोंद केली. मग मी टाचेचं सांगितलं. टाचेवरून झोपेवर आलो. झोपेवरून सौ.च्या घोरण्यावर एक किस्सा सांगितला, जो एरवी हमखास पिकतो. (सौ. घोरत नाही. किस्स्याची ती गरज आहे.) पहिली घंटा झाली. बोटांचं आत्ता सांगावं असं मला वाटलं आणि त्याच क्षणी पोटाची एक तक्रार आठवली. दुसरी घंटा झाली.

मी उठलो. सवयीने मुठीकडे हात गेला. तिथे मूठ नव्हती. हात सरकत्या काचेवरून निसटला. मी मान वळवून म्हणालो, "डॉक्टर, जाता जाता एक..." तोवर मी बाहेरच्या बाकांपाशी आलो होतो. काचेपलीकडे डॉक्टरांचे ओठ हलताना दिसले. काच चांगल्या प्रतीची आहे. आवाज येत नाही.

मापनबाई गुणपत्रिका घेऊन बाहेर आल्या. माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असतील, पण म्हणाल्या, "आजोबा, प्रयत्न चांगला होता."

एकतीस गुण. श्रेणी: अस्फुट.

घरी सौ.ने दार उघडताच विचारलं, "सांगितलंत?"

"एकतीस मिळाले."

"बोटांना?"

"मला."

बोटांचं राहून गेलं याचं मला वाईट वाटलं, असं इथे लिहिणं शोभून दिसलं असतं. खरं सांगायचं तर एकतिसाचं वाटलं. आयुष्यभर शब्दांवर जेवलेला माणूस मी, आणि समोरच्या घरातल्या निवृत्त कारकुनाला अठ्ठेचाळीस होते. हा गृहस्थ दारावरची घंटा वाजवून 'मी' एवढंच म्हणतो आणि कोण ते आपण ओळखायचं असतं. शिवाय प्रश्न नुसत्या अब्रूचा नव्हता. नव्वदच्या वर गुण असलेल्यांना रुग्णालयात रांगेत पुढे घेतात. त्यांचं पटकन आटपतं, हे त्यामागचं तत्त्व. ज्याला बोलताना धाप लागते, ज्याची जीभ जड झालेली आहे, ज्याला काय होतंय तेच कळत नाही, त्यांचे गुण साहजिकच कमी. ते शेवटी. परिणामी ज्यांना फारसं काही झालेलं नाही, असे लोक सकाळी सकाळी तपासून मोकळे होतात आणि रुग्णालयाच्या आवारात दिवसाची सुरुवात फार प्रसन्न होते.

मी तयारीला लागलो. आरशापुढे उभा राहिलो. 'उजव्या हाताची दोन बोटं' असं वाक्य सुरू केलं आणि प्रत्येक वेळी त्याला मध्येच विनोदाचा फाटा फुटला. एकदा नाही फुटला, तेव्हा आरशात दादा दिसला. (आमचे चेहरे सारखे आहेत. एवढंच.) मी आरशाचा नाद सोडला.

त्यानंतर मला एक शोध लागला. तो मी सर्व रुग्णांच्या हितासाठी इथे जाहीर करतो. सगळ्यात नीट सांगता येतं ते आपल्याला नसलेलं दुखणं. त्याला सुरुवात असते, मध्य असतो, शेवट असतो आणि मुख्य म्हणजे त्याची भीती वाटत नाही. मी डावा घोटा निवडला. माझा डावा घोटा हा माझ्या शरीराचा सर्वात निरोगी भाग आहे. त्याच्यावर मी तीन दिवस मेहनत घेतली आणि पुन्हा डॉक्टरांसमोर जाऊन बसलो.

"डावा घोटा," मी म्हणालो. "मंगळवारी सकाळी जिना उतरताना मुरगळला. चालताना दुखतं. बसल्यावर थोडं दुखतं. आडवं झाल्यावर दुखत नाही."

पहिली घंटासुद्धा झाली नाही. मापनबाई खुर्चीत सरसावून बसल्या. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एक अक्षम्य गोष्ट केली.

"काका," ते म्हणाले, "आणखी काही?"

"नाही," मी ताडकन म्हणालो.

त्या प्रश्नाचे तीन गुण गेले. सत्त्याण्णव मिळाले. डॉक्टरांनी तोंड बंद ठेवलं असतं तर शंभर होते. मी त्यांना तसं बोलून दाखवलं नाही, पण राग मात्र आला.

इतक्या स्पष्ट दुखण्यावर उपचारही तितकेच स्पष्ट असतात. यंत्रातून छापील चिठ्ठी निघाली आणि मला खालच्या मजल्यावर नेऊन घोट्याला प्लास्टर घातलं. हरकत घ्यावी असं क्षणभर वाटलं. पण हरकत म्हणजे मुद्देसूदपणाचे गुण गेलेच.

"हे काय?" सौ.ने विचारलं.

"सत्त्याण्णव," मी म्हणालो आणि लंगडत आत गेलो.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. रुग्णालयाचा पहिला 'आदर्श संवादी रुग्ण' म्हणून माझी निवड झाली होती. समारंभ ठरला. स्मृतिचिन्ह म्हणून काचेचं तोंड द्यायचा विचार होता, पण पूर्वी डॉक्टरांना 'उत्तम श्रोता' पारितोषिक द्यायचे तेव्हाचे काचेचे कान कोठारात शिल्लक होते. त्यातला एक पुसून मला दिला. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत व्यवस्थापन, मग समिती, मग मापनबाई आपल्या घंटेसह, आणि अगदी मागे दाराजवळ आमचे डॉक्टर. सौ. कडेला बसली होती. मी लोकाग्रहास्तव घोट्याचं निवेदन पुन्हा एकदा सादर केलं. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी कान माझ्या उजव्या हातात ठेवला.

करंगळी आणि तिची शेजारीण त्या दिवशी रजेवर होत्या.

कान पडला. फुटला. सभागृहात अशी शांतता पसरली, की प्लास्टरच्या आतली खाज मला ऐकू आली. मग अध्यक्ष पुढे झाले आणि गहिवरून म्हणाले, "बघा! ऐकण्याचे दिवस संपले, आता नीट सांगण्याचे दिवस आले, हे काकांनी एकही शब्द न उच्चारता दाखवून दिलं!" लोक उठून उभे राहिले. इतक्या टाळ्या मला लिहिण्यासाठी कधी मिळाल्या नव्हत्या.

डॉक्टर टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि माझ्या हाताकडे बघत नुसते उभे राहिले.

ते त्या दाराशी होते, म्हणून मी दुसऱ्या दाराने बाहेर पडलो. प्लास्टरच्या मानाने बराच वेगाने.

घरी आल्यावर सौ.ने चहा टाकला. चहा स्टीलच्या पेल्यात आला. मी फडताळाकडे पाहिलं. उरलेसुरले कप सगळ्यात वरच्या फळीवर गेले होते आणि खाली स्टीलचे पेले ओळीने उभे होते.

"हे कधी आणलेस?"

"आणले."

"कप काय वाईट होते?"

"दादांच्या वेळी वहिनींनीही असेच आणले होते," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही दोघे भाऊ त्यावर विनोद करत होतात. मी आणि वहिनी आत उभ्या होतो."

मी यावरही एक विनोद केला. तो इथे देत नाही. जमला नव्हता.

हा लेख मी सांगतोय आणि सौ. लिहून घेते आहे. यात हाताचा काही संबंध नाही, तिचं अक्षर चांगलं आहे म्हणून. (हे वाक्य लिहायला तिने नकार दिला. ते मी स्वतः लिहिलंय, म्हणून ओळ उताराला लागली आहे.)

समारोपाआधी वाचकांना एक छोटी चाचणी. एवढा वेळ तुम्ही माझ्यावर हसलात, तेव्हा ती देणं तुम्हाला जड जाऊ नये. मागच्या खेपेला डॉक्टरांनी "आणखी काही?" असं विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? 'नाही' म्हणाला असाल तर पैकीच्या पैकी गुण. आणि ते जे आणखी काही होतं, ते अजून तिथेच असेल तर अभिनंदन. घोट्याची निवड करून ठेवा.

लेख संपला. सौ.ने पेनाला टोपण लावलं, कागद सारखे केले आणि पेले उचलून स्वयंपाकघराकडे निघाली. इथून पुढचं माझ्या हातचं आहे. अक्षर लागलं नाही तर छापणाऱ्यांनी अंदाजाने घ्यावं.

ती दाराशी पोहोचली. आमच्या घरच्या दारांना मुठी आहेत.

"अगं," मी म्हणालो, "जाता जाता एक सांगायचं होतं. तसं काही विशेष नाही, पण..."

ती वळली. पेले तिने खाली ठेवले. डॉक्टर म्हणायचे तसं "आता बसा" म्हणेल असं वाटलं, पण मी बसलेलोच होतो, तेव्हा तीच येऊन बसली. मी सांगितलं. बोटांचं सांगितलं, दादाचं सांगितलं, आरशाचं सांगितलं. कालक्रम अजिबात नव्हता. 'कसंतरी होतं' दोनतीनदा म्हणालो. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी तिने डोळे पुसले आणि विचारलं, "मग ते घोट्याचं खरंच होतं? मला वाटलं, लेखापुरता विनोद."

"घोटा उत्तम आहे."

"अहो, किती मूर्ख आहात तुम्ही," ती म्हणाली. या विषयावर इतकं मुद्देसूद अजून कोणी बोललेलं नाही.

उद्या सकाळी आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाणार आहोत. ते दार सरकायला लागलं की सौ. मध्ये पाय घालून उभी राहणार आहे. किंचाळेल तर किंचाळू दे, म्हणते. सत्त्याण्णव गुणांच्या जोरावर मी रांगेत सगळ्यांच्या पुढे असेन, म्हणजे तुम्ही बहुधा माझ्या मागे असाल. तेव्हा एकच बारीकशी विनंती आहे. काचेवर टकटक करू नका. मला जरा वेळ लागेल.